एमजीबीचा गिअरबॉक्स : दोषनिदान आणि बदल

एमजीबी ही ब्रिटिश बनावटीची दोन आसनी स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या आणि त्यांतील फार मोठा हिस्सा अमेरिकेत गेला. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक एमजीबींचे इंजिन किंवा गिअरबॉक्स कधी ना कधी उघडलेला असतो, त्यामुळे गाडी जुनी असली तरी तिची माहिती आणि सुटे भाग दुर्मीळ नाहीत. अडचण वेगळीच आहे. या गाडीचा गिअरबॉक्स एकटा खालून काढता येत नाही. इंजिनासह तो वरून उचलावा लागतो, नाहीतर आधी इंजिन काढून मग तो बाहेर घ्यावा लागतो. चुकीच्या निदानापायी हे सारे काम फुकट जाऊ शकते. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्यात जितका वेळ जाईल तितका चांगला.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते ओळखणे. 1967च्या अखेरपर्यंतच्या गाड्यांत चार गिअरांचा, पण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसलेला गिअरबॉक्स होता. त्यानंतर मार्क 2 गाड्यांत चारही गिअरांना सिंक्रोमेश आले. चॅसिस क्रमांकाच्या सुरुवातीला ‘जीएचएन 3’ असेल तर गाडी जुन्या पद्धतीची आणि ‘जीएचएन 4’ किंवा ‘जीएचएन 5’ असेल तर नव्या. बंद छपराच्या जीटी गाड्यांवर याच जागी ‘जीएचडी’ ही अक्षरे असतात. मात्र क्रमांकावर पूर्ण भिस्त ठेवू नये. इतक्या वर्षांत इंजिने आणि गिअरबॉक्स या गाडीतून त्या गाडीत गेलेले असतात. दोन्ही प्रकारांना लेकॉक डी नॉर्मनव्हिल कंपनीचा ओव्हरड्राइव्ह मिळत असे : जुन्याला डी प्रकारचा, नव्याला एलएच प्रकारचा. हा जोडभाग गिअरबॉक्सच्या शेपटाकडे बसतो आणि तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्ये एक जादा, हलका टप्पा देतो. 1977 सालच्या मॉडेलपासून तो फक्त चौथ्या गिअरमध्ये चालू लागला.

गिअर पडत नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. तिचे खापर गिअरबॉक्सवर फुटते, पण बहुतेक वेळा दोषी असतो क्लच. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. इंजिन बंद करून सगळे गिअर एकेक टाकून पाहावेत. बंद इंजिनावर गिअर सहज पडत असतील आणि चालू इंजिनावर अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. दुसरी कसोटी रिव्हर्सची. इंजिन चालू, गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये असताना क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स निमूट पडतो. तरीही खरखर झाली तर इंजिनाची गती कुठून तरी आत शिरते आहे.

मग शोध पेडलपासून सुरू करावा. क्लच पेडल आणि मास्टर सिलिंडरचा पुश रॉड यांना जोडणारी एक छोटी पिन असते. वर्षानुवर्षांच्या दाबाने ती पिन मधोमध खोबणीसारखी झिजते आणि पेडलचे गोल भोक लांबट होते. पिन काढून बोटांत फिरवली की झीज नखाला लागते. एवढ्याशा झिजेने पेडलचा पहिला टप्पा वाया जातो, आणि मास्टर सिलिंडरला जेवढे तेल ढकलायचे असते त्यातले बरेच राहून जाते. अशीच पिन दुसऱ्या टोकाला, स्लेव्ह सिलिंडरचा रॉड आणि क्लचचा काटा यांच्यामध्ये असते. दोन्ही पिना नव्या घातल्या आणि पेडलचे लांबट झालेले भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडले, तर कितीतरी ‘खराब’ गिअरबॉक्स त्याच दिवशी बरे होतात. खर्चाच्या मानाने इतका फायदा देणारी दुरुस्ती या गाडीत क्वचितच दुसरी असेल.

पिना ठीक असतील तर एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने गाडीखाली स्लेव्ह सिलिंडरच्या रॉडची हालचाल मोजावी. ती सुमारे अर्धा इंच, म्हणजे 12-13 मिलिमीटर हवी. कमी भरली तर हायड्रॉलिकमध्ये हवा अडकलेली आहे, मास्टर सिलिंडरचे सील आतून तेल सोडते आहे किंवा रबरी नळी दाबाखाली फुगते आहे. नळी फुगते का हे हाताने धरूनच कळते. स्लेव्ह सिलिंडरची धूळरोधक टोपी मागे सरकवून पाहावी. आत ओलावा दिसला तर सील गेले. तेल बदलताना ते रंगावर सांडू देऊ नये, हे तेल रंग खाते.

रॉड पुरेसा हलतो आणि तरीही क्लच सुटत नाही, तेव्हाच दोष आत आहे असे मानावे. आतही शक्यता तीन-चारच. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. क्लचच्या काट्याचा बुश झिजला की काट्याची अर्धी हालचाल तिरकेपणात संपते. एमजीबीचे रिलीज बेअरिंग छर्ऱ्यांचे नसून कार्बनचे असते. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवय असेल तर ते लवकर झिजते. आणि सर्वांत फसवा दोष म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकातील ब्राँझचा छोटा बुश. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे नाक या बुशमध्ये फिरते. बुश कोरडा पडून आवळला की क्लच सुटला तरी क्रँकशाफ्ट त्या शाफ्टला फिरवत राहते. या चारही दोषांसाठी इंजिन काढावेच लागते.

क्लच निर्दोष ठरल्यावर गिअरबॉक्सकडे वळावे. एखाद्याच गिअरला, विशेषतः दुसऱ्याला, टाकताना खर्र होत असेल तर त्या गिअरची सिंक्रोमेशची पितळी कडी झिजली आहे. ही कडी गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग जुळवते. तिच्या आतल्या बारीक रेषा गुळगुळीत झाल्या की तेलाचा थर कापला जात नाही आणि वेग जुळण्याआधीच दाते भिडतात. थंड तेलात हा त्रास जास्त जाणवतो. नुसती थंडपणी होणारी थोडी खरखर असेल तर गिअरबॉक्स उघडण्याची घाई करू नये. डबल क्लचिंग करून, म्हणजे न्यूट्रलमध्ये एकदा क्लच सोडून पुन्हा दाबून गिअर टाकला, तर गाडी त्या अवस्थेत बराच काळ चालते. जुन्या तीन-सिंक्रो गिअरबॉक्समध्ये चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना होणारी खरखर हा दोष मुळीच नाही. तिथे सिंक्रोमेश नसतेच.

इथेच तेलाचा विषय येतो. एमजीबीच्या गिअरबॉक्सला इंजिन ऑइलच लागते. 20डब्ल्यू-50 हे नेहमीच्या जाडीचे ऑइल योग्य. गिअरबॉक्स म्हणजे गिअर ऑइल, अशा समजुतीने अनेक जण डिफरन्शियलसाठी बनवलेले जीएल-5 दर्जाचे ऑइल भरतात. त्यातील गंधकयुक्त रसायने पितळेच्या कड्यांना खातात. ओव्हरड्राइव्ह असलेल्या गाडीत धोका दुहेरी. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सचेच ऑइल वापरतो आणि त्याचा शंकूच्या आकाराचा क्लच घर्षणावर चालतो. घर्षण कमी करणारी द्रव्ये ऑइलमध्ये मिसळलेली असली की तो घसरू लागतो. चार-सिंक्रो गिअरबॉक्सला साधारण 3 लिटर आणि ओव्हरड्राइव्हसह साधारण 3.4 लिटर ऑइल लागते. ऑइल काढताना ते स्वच्छ ट्रेमध्ये धरून निरखावे. पितळेचा सोनेरी चुरा दिसला तर कड्या झिजत आहेत. चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादी कपच्या दिसल्या तर गिअरचे दाते किंवा बेअरिंग तुटते आहे, आणि ती गाडी पुढे चालवू नये.

आवाजावरून दोष ओळखणे हे खरे कसब आहे, पण त्याला गूढ काही नाही. कोणत्या स्थितीत कोणता शाफ्ट फिरतो एवढे लक्षात ठेवले की पुरे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, क्लच सोडलेला : या वेळी इनपुट शाफ्ट आणि त्याने फिरवलेला खालचा ले-शाफ्टचा गिअरसमूह फिरत असतो. घरघर येत असेल आणि पेडल दाबताच थांबत असेल तर दोष या दोघांपैकी एकाच्या बेअरिंगमध्ये. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा क्रँकशाफ्टमधला तो बुश. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात घरघर आणि चौथ्यात एकदम शांतता, असे झाले तर निदान जवळजवळ पक्के. चौथा गिअर सरळ आहे, त्याची ताकद ले-शाफ्टवरून जात नाही. म्हणजे ले-शाफ्टची सुईबेअरिंगे आणि तो शाफ्ट खड्डे पडून खराब झाले आहेत. एमजीबीमध्ये हा दोष हमखास सापडतो. सर्व गिअरांत, आणि न्यूट्रलमध्ये गाडी उतारावर सोडल्यावरही आवाज कायम राहिला, तर मेनशाफ्टचे मागचे बेअरिंग किंवा ओव्हरड्राइव्ह तपासावा. मात्र त्याआधी प्रोपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट हाताने हलवून पाहावेत. तो आवाज गिअरबॉक्सचाच वाटतो आणि दुरुस्ती तासाभराची असते.

ॲक्सिलरेटर सोडला की गिअर निसटून न्यूट्रलला येत असेल, तर आधी इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग पाहावे. रबर मऊ पडले की सारे युनिट झटक्यानिशी पुढेमागे सरकते. ते ठीक असेल तर सिलेक्टर रॉड जागेवर धरणारी स्प्रिंग आणि छर्रा, झिजलेला काटा किंवा गोल झालेले दाते यांपैकी काहीतरी आहे. दाते गोल झाले असतील तर तो गिअर आणि त्याचा हब दोन्ही बदलावेत. एकच नवा घातला तर जुना त्याला लवकर खातो.

ओव्हरड्राइव्ह लागत नसेल तर सुरुवात विजेपासून करावी. वायर तुटणे आणि स्विच बिघडणे हेच जास्त घडते, हायड्रॉलिक बिघाड त्या मानाने कमी. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करावे, चौथा गिअर टाकावा आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच खाली-वर करावा. सॉलेनॉइडचा टक् असा आवाज आला तर वीजमार्ग ठीक आहे. आला नाही तर डॅशबोर्डवरचा, स्टिअरिंगच्या दांडीवरचा किंवा शेवटच्या गाड्यांत गिअरच्या गोळ्यावरचा स्विच, मग गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच, मग सॉलेनॉइड, या क्रमाने टेस्ट लॅम्प लावत जावे. इनहिबिटर स्विच ज्या गिअरांत ओव्हरड्राइव्ह चालायला हवा त्यांतच वीज सोडतो. त्याला बगल देऊन सरळ वायर जोडण्याचा जुगाड कधीही करू नये. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी रिव्हर्स घेतली की आतला एकदिशा क्लच मोडतो आणि मग सगळे युनिट उघडावे लागते. याच कारणाने, ओव्हरड्राइव्ह अडकून बसला असेल आणि सुटत नसेल तर गाडी मागे घेऊ नये, हाताने ढकलूनही नाही.

जुन्या डी प्रकारात सॉलेनॉइड बाहेर दिसतो आणि त्यात दोन कॉइल असतात. एक दांडा ओढून घेते आणि भरपूर करंट खाते, दुसरी थोड्या करंटवर त्याला धरून ठेवते. लिव्हरची जुळणी चुकली तर दांडा शेवटपर्यंत जात नाही, जड कॉइल चालूच राहते आणि जळते. जुळणीसाठी लिव्हरमध्ये आणि खोक्यात समोरासमोर भोके ठेवलेली आहेत. सॉलेनॉइड ओढलेल्या स्थितीत 3/16 इंच जाडीची सळई दोन्हींतून आरपार गेली पाहिजे. एलएच प्रकारात सॉलेनॉइड आत असतो, जुळणी नसते, पण तळाशी गाळणी असते. ती खालून काढून धुता येते. थंडपणी लागणारा ओव्हरड्राइव्ह तापल्यावर सुटत असेल तर पातळ झालेल्या ऑइलचा दाब कुठेतरी गळतो आहे. तेव्हा गाळणी, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या ओ-रिंगा पाहाव्यात. ऑइलची पातळी मात्र सर्वांत आधी पाहावी, कारण कमी ऑइलवर गिअरबॉक्स तग धरतो, ओव्हरड्राइव्ह धरत नाही.

निदान होऊन युनिट बाहेर काढायचे ठरले की आधी हत्यारे जमवावीत. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. मुंबई-पुण्याच्या गॅरेजात सहज मिळणारे मिलिमीटरचे पाने जवळपास बसल्यासारखे वाटतात आणि नटांचे कोपरे गोल करून ठेवतात. इंचाच्या पान्यांचा संच वेगळा घ्यावा. काम सुरू करताना बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक आधी सोडावे. 1967 पर्यंतच्या गाड्यांत ते पॉझिटिव्ह असते, नंतरच्या गाड्यांत निगेटिव्ह. 1974 पर्यंतच्या गाड्यांत आसनांमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांच्यातली जोडणी पाहून ठेवावी. मग ऑइल आणि पाणी काढणे, बोनेट व रेडिएटर उतरवणे, गिअर लिव्हर आतून काढणे, स्पीडोमीटरची केबल आणि ओव्हरड्राइव्हच्या वायरी सोडणे, हा नेहमीचा क्रम. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर समोरासमोर खूण करावी, म्हणजे परत बसवताना समतोल बिघडत नाही. स्लेव्ह सिलिंडर नळीसकट सोडून बाजूला टांगावा, हायड्रॉलिक उघडू नये. गाडी स्टँडवर असावी, केवळ जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये.

युनिट उचलताना इंजिनाचे पुढचे टोक चांगलेच वर आणि गिअरबॉक्सचे शेपूट खाली, अशा तिरक्या कोनात ते बाहेर येते. उचलण्याच्या साखळीवर कोन बदलणारा लेव्हलर असला तर काम निम्मे होते. गिअरबॉक्सखालचा आडवा पट्टा सोडताना शेपटाला जॅकचा आधार हवा. इंजिनापासून गिअरबॉक्स वेगळा करताना आणि जोडताना त्याचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नये. तेवढ्याने क्लचप्लेट वाकते आणि नव्या क्लचचा पहिल्याच दिवशी झटका बसतो. जुन्या क्लचच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

युनिट बाहेर आहे तोवर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टमधला बुश नवे घालावेत, जुने कितीही चांगले दिसोत. फ्लायव्हीलवर उष्णतेच्या भेगा असतील तर पृष्ठभाग घासून घ्यावा. पाच बेअरिंगांच्या इंजिनाला, म्हणजे 1964च्या उत्तरार्धापासूनच्या गाड्यांना, क्रँकशाफ्टच्या मागे रबरी सील असते. तेही याच वेळी बदलावे. त्याआधीच्या तीन बेअरिंगांच्या इंजिनात असे सील नव्हते. थोडे ऑइल तिथून ठिबकणारच, ते मान्य करावे.

बदली गिअरबॉक्स निवडताना तीन वाटा आहेत. पहिली, आहे त्याच प्रकारचा दुरुस्त केलेला गिअरबॉक्स. दुसरी, ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीत ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स. तिसरी, पाच गिअरांचे परके युनिट. तीन-सिंक्रो गाडीत चार-सिंक्रो गिअरबॉक्स घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यासाठी इंजिनाची मागची प्लेट, फ्लायव्हील आणि सेल्फ बदलावा लागतो, शिवाय मार्क 2 साठी रुंद केलेला मधला बोगदा जुन्या गाडीत नसल्याने पत्रा कापावा लागतो. जुन्या गाडीला डी ओव्हरड्राइव्हचा तीन-सिंक्रो गिअरबॉक्सच योग्य.

पाच गिअरांसाठी फोर्ड सिएराचा टाइप 9 गिअरबॉक्स एमजीबीत पुष्कळ वापरला जातो. त्याचा पाचवा गिअर 0.82 गुणोत्तराचा. एलएच ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तरही 0.82च. चौथ्या गिअरमध्ये एमजीबी दर हजार फेऱ्यांना ताशी 17.9 मैल धावते, म्हणजे ताशी 70 मैलांना इंजिन सुमारे 3900 फेऱ्या करते. ओव्हरड्राइव्हमध्ये त्या सुमारे 3200 वर येतात. टाइप 9 नेमके तेवढेच देतो, जास्त नाही, आणि त्याचा पहिला गिअर मूळच्या 3.44 ऐवजी 3.65 असल्याने तो आणखी लवकर संपतो. ओव्हरड्राइव्हचा मूळ गिअरबॉक्स मिळत असेल किंवा दुरुस्त होत असेल तर तोच घ्यावा. तिसऱ्या गिअरवरचा जादा टप्पा घाटरस्त्यावर जे सुख देतो ते पाचव्या गिअरने मिळत नाही. वापरलेला गिअरबॉक्स विकत घेताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा, ऑइलचा प्लग उघडून चुरा पाहावा आणि शाफ्टचे नाक झिजलेले नाही याची खात्री करावी. प्रोपेलर शाफ्टची लांबी गृहीत धरू नये, गिअरबॉक्स बसवून मोजावी. स्पीडोमीटरच्या तबकडीवर टीपीएम या अक्षरांजवळ एका मैलातील फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो नव्या गिअरबॉक्सशी जुळला नाही तर वेग चुकीचा दिसतो.

बसवताना क्लचप्लेट मधोमध आणण्यासाठी योग्य मापाचा मँड्रेल वापरावा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. गिअरबॉक्स शेवटच्या अर्ध्या इंचावर अडला तर बोल्टांनी ओढून बसवू नये. प्लेट मधोमध नाही, इतकाच त्याचा अर्थ. चौथा गिअर टाकून मागचा फ्लँज हाताने किंचित फिरवला की शाफ्टच्या खाचा जुळतात. ऑइल भरल्यावर इंजिन सुरू करून, मागची चाके स्टँडवर मोकळी आणि पुढच्या चाकांना अडसर असताना सर्व गिअर टाकून पाहावेत. पहिल्या फेरीत ओव्हरड्राइव्ह वापरू नये. आठ-दहा किलोमीटर चालल्यावर गिअरबॉक्स कोमट होतो, पोकळ्यांत ऑइल शिरून पातळी उतरते, तेव्हा ती पुन्हा भरून मगच चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्ह लावावा. पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर ऑइल एकदा काढून पुन्हा ट्रेमध्ये निरखावे आणि प्रोपेलर शाफ्टचे व आडव्या पट्ट्याचे बोल्ट तपासावेत.